जुन्या गाडीचा मूळ अल्टरनेटर कसा वाचवावा

चार्जिंगचा लाल दिवा विझेनासा झाला की बहुतेक जण नवा अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बसवून मोकळे होतात. जुन्या गाडीत ही घाई करू नका. मूळ अल्टरनेटरच्या कवचावर बहुधा मॉडेल क्रमांक आणि बनावटीची तारीख ठोकलेली असते. ते कवच एकदा भंगारात गेले की तसेच दुसरे मिळणे अवघड. आत झिजणारे ब्रश (फिरत्या भागाला प्रवाह पोचवणारे), बेअरिंग, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) मात्र बदलता येतात.

खोलण्याआधी

दोष नक्की अल्टरनेटरचाच आहे ना, हे पाहा. चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन मिनिटाला 1500 ते 2000 फेऱ्यांवर ठेवले की तिच्या टोकांवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. आकडा 12.6 च्या आसपासच रेंगाळला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटरचा संशय घ्या. बेल्ट आणि अर्थच्या (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जाणाऱ्या) जोडण्याही तपासा. एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा. अनेक जुन्या गाड्यांत रोटरला (अल्टरनेटरमधल्या फिरत्या गुंडाळीला) सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. बल्बच उडालेला असेल तर धडधाकट अल्टरनेटरही गप्प बसतो!

काढताना

आधी बॅटरीची अर्थची वायर सोडा. जोडण्यांचे फोटो काढा. मग अल्टरनेटरच्या पुढच्या आणि मागच्या झाकणांवरून आडवी जाणारी एक रेघ ओढून ठेवा. ही झाकणे फिरवून चुकीच्या कोनातही जोडली जाऊ शकतात, आणि मग बसवायचे कान जागेवर येत नाहीत.

कारागिराकडे

पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगा: कवच आणि त्यावर क्रमांकाची पट्टी असेल तर ती, हीच राहिली पाहिजेत, आणि काढलेले सुटे भाग मला परत हवेत. रोटरच्या दोन स्लिप रिंगांमधला (ब्रश ज्यांवर घासतात त्या कड्यांमधला) रोध बहुतेक 12 व्होल्टच्या अल्टरनेटरमध्ये 2 ते 5 ओहमच्या दरम्यान असतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र विजेचा जोड अजिबात दिसता कामा नये. रिंगांवर खाचा पडल्या असतील तर त्या लेथवर साफ करून घ्या, नाहीतर नवे ब्रश लवकर झिजतात. स्टेटरची (स्थिर भागाची) वायंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, काळी पडून जळका वास येत असेल तर रिवाइंडिंग करावे लागेल.

डायोडकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. मुख्य डायोड बहुधा सहा असतात. त्यांतला एक तुटला तरी व्होल्टेज बरे दिसते आणि गाडी चालत राहते. पण क्षमता घटते आणि रात्री दिवे लावले की बॅटरी हळूहळू रिकामी होते. मल्टिमीटरवर चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने 0.5 ते 0.7 व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही.

चाचणी

भाराशिवाय घेतलेल्या चाचणीवर समाधान मानू नका. बेंचवर पूर्ण भार देऊन, किमान पंधरा मिनिटे तापवून मोजायला लावा, कारण अशक्त डायोड आणि रेग्युलेटर अनेकदा तापल्यावरच दगा देतात. आकडा मूळ क्षमतेशी ताडून पाहा: उदाहरणार्थ, लुकास कंपनीच्या 16एसीआर मॉडेलची 34 अँपिअर, 18एसीआरची 45. मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवरची लहर (व्होल्टेजचा चढउतार) बघा. ती अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर डायोड पुन्हा तपासायला सांगा.

परत बसवताना

जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी काहींत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणून बॅटरी जोडण्याआधी ध्रुव दोनदा पाहा. उलट जोडणीने डायोड क्षणात जळतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघण्याची’ जुनी सवयही डायोडच्या जिवावर उठते. बेल्ट ताणताना पहार मागच्या झाकणावर टेकवू नका, ते तडकते. पुलींमधल्या सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबायला हवा. नवा बेल्ट सुरुवातीला सैलावतो, तेव्हा शंभरेक किलोमीटर चालवल्यावर तो पुन्हा ताणून घ्या.