वाळवंटातल्या कॅम्पवर निघालाय? आधी मसाल्याची बरणी बघा

आपल्या खानापूर-निपाणीकडचं पोरगं दुबईकडच्या वाळवंटात, पर्यटकांच्या कॅम्पवर कामाला निघालं की घरात पहिली तयारी मसाल्याची. मावशी, वहिनी, त्या मसाल्यात खसखस अजिबात घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती अमली पदार्थाच्या नियमात येते, त्यामुळं विमानतळावर सापडली तर पोरगं नोकरीआधीच चौकशीत अडकेल. वाटलेली असली तरी नको. अनारसे आणि खसखस घातलेले डिंकाचे लाडूही घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी द्या, तीही बिनखसखशीची.

तिथं पाहुणे उन्हं उतरताना येतात आणि जेवणं, भांडी, गालिचे झटकणं उरकेपर्यंत रात्र होते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. त्याचे साडेदहा म्हणजे आपले बारा. म्हणून आईला जागवत बसण्यापेक्षा सकाळी नऊला फोन करायचं ठरवा, इकडं साडेदहा झालेले असतात.

माझा धाकटा भाऊ असल्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात होता. पहाटे बूट उलटे करून दोनदा आपटल्याशिवाय तो पाय घालायचा नाही. वाळू तर पडायचीच, पण एकदा पिवळट विंचू पडला. सुट्टीवर आला तरी उंबऱ्यावर बूट आपटायचा.

आणि एक गरम स्वेटर द्याच. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातली रात्र चांगलीच गारठते.