परसातल्या अर्धरानटी मांजरीचा विश्वास कसा मिळवावा

मे महिना सरत आला की गोव्यातल्या घरांच्या मागच्या दारी दोन गोष्टी हमखास दिसतात. मिरगाच्या आधी झाकून ठेवलेला लाकडांचा ढीग, आणि त्या ढिगात व्यालेली मांजर. ती कुणाचीच नसते. नुस्तं, म्हणजे मासळी, साफ करायला बसलं की चार हातांवर येऊन ठाण मांडते, डोकी-कल्ले टाकले की उचलून पळते, पण हात पुढे केला की कुंपणापलीकडे. पिल्लं झाल्यावर तर नुसतं बघितलं तरी फिस्कारते. अशा मांजरीशी जुळवून घ्यायचं तर क्रम एकच: आधी आई, मग पिल्लं. बहुतेक जण उलटं करतात, कारण पिल्लं गोंडस असतात आणि आईला नखं असतात.

पहिले दोन आठवडे: लांब राहा

पिल्लांचे डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत उघडतात. तोवर मांजर फार बिथरलेली असते. लाकडं सरकवून डोकावणं, मोबाईलचा टॉर्च मारून फोटो काढणं, शेजारच्या मुलांना बोलावून दाखवणं, सगळं बंद. माणसाचा वास लागला की आई पिल्लांना टाकते असं आपल्याकडे सर्रास सांगतात, तसं सहसा होत नाही. पण जागा उघडी पडली असं वाटलं की ती एकेका पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे हलवते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्याचं निम्मं कारण डोकावणारी माणसंच असतात. आणि तिने निवडलेली नवी जागा रस्त्याकडेचं गटार असू शकते.

लांबूनच कान द्या. पिल्लं एकमेकांवर पडून गप्प झोपली असतील, पोटं गोल असतील, तर आई जवळपासच आहे. तासन्‌तास रडत असतील आणि अंग गार लागत असेल तरच हस्तक्षेप करावा. महिन्याच्या आतल्या पिल्लाला अंगातली ऊब टिकवता येत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पशुवैद्यांना विचारून मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा, आणि पाजताना पिल्लू पालथं धरा. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

ताटली, वेळ आणि माणूस बदलू नका

मांजरीला तुमचं प्रेम कळायला वेळ लागतो, वेळापत्रक मात्र लवकर कळतं. सकाळ-संध्याकाळ एकच वेळ, एकच ताटली, ठेवताना तोच आवाज, आणि शक्यतो घरातलं तेच माणूस. ताटली ढिगापासून पाच-सहा पावलं दूर ठेवा, म्हणजे मुंग्या आणि वासावर येणारी कुत्री पिल्लांपर्यंत पोचणार नाहीत. खाऊन झालं की उरलेलं उचला.

पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त खाणं लागतं. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, शीत (भात) कालवून घालायची आपली सवय, पण त्यातला कांदा-लसूण मांजरीला विषारी आणि मीठ-तिखटही नको. उकडलेला बांगडा काटे काढून, किंवा उकडलेली कोंबडी द्या. कच्चे तारले (सार्डिन मासे) रोज घालू नयेत, त्याने शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. जमलं तर पिल्लांसाठी मिळणारं कोरडं खाणं आईलाच द्या. त्यात ताकद जास्त असते आणि पुढे पिल्लंही तेच खातात. पाण्याचं भांडं वेगळं.

अंतर कमी करणं

सुरुवातीला ताटली ठेवून सरळ आत जा. ती बेतशीर खाऊ लागली की दारात थांबा, मग पायरीवर बसा. उभं राहू नका, उभा माणूस तिला फार मोठा दिसतो. तिच्याकडे तोंड करून नव्हे, कुशीला वळून बसा आणि टक लावू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. मांजरांच्या जगात त्याचा अर्थ ‘माझ्यापासून भीती नाही’ असा. दर दोन-तीन दिवसांनी एक पाऊल जवळ. खाणं सोडून ती मागे सरली तर कालच्या जागी परत जा, आणि त्याचं काही वाटून घेऊ नका.

खाताना तिच्याकडे तिरक्या नजरेने नीट बघा. पहिल्यांदा ती मागचे पाय ताणून, पळायच्या तयारीतच खाते. तोंड ताटलीत, पण एक कान मागे वळून तुमच्यावर लागलेला. तुम्ही नुसतं गुडघा हलवलात तरी तो कान थरथरतो. मग एखाद्या संध्याकाळी बूड जमिनीला टेकतं, शेपटी पायांभोवती येते, आणि खाऊन झाल्यावर ती तिथेच बसून मिशा चाटते. स्पर्शाचा विचार त्यानंतर.

आधी लांब दांड्याच्या चमच्यावर मासळीचा तुकडा. मग बोट जमिनीलगत, स्थिर. तिला येऊन हुंगू द्या. गाल घासला तर बोटाच्या मागच्या बाजूने गालावरून एकदा-दोनदा फिरवा आणि थांबा. डोक्यावरून हात आणू नका, आणि पोटाला तर मुळीच लावू नका, तिथे पिल्लं ओढून ओढून दुखरं झालेलं असतं. शेपटी आपटली, पाठीची कातडी थरथरली, कान चपटे झाले, की हात मागे.

चावली किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. २०२१ मध्ये गोवा रेबीजमुक्त झाल्याची घोषणा झाली होती, तिच्यावर विसंबून चावा अंगावर काढू नये.

पिल्लांना हात कधी लावावा

दोन ते सात आठवड्यांच्या वयात पिल्लाला माणसाची सवय सहज लागते, नंतर कष्ट वाढतात. त्यामुळे आई दाद देत नाही म्हणून महिनोन्‌महिने थांबणंही परवडत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून, ती समोर खात असताना, पिल्लांशेजारी नुसता हात टेकवा. तिने चालवून घेतलं तर एक पिल्लू मिनिटभर हातात, आणि तिचं खाणं संपायच्या आत परत जागेवर. पिल्लू किंचाळलं तर लगेच खाली ठेवा. कालपर्यंत गाल घासणारी मांजरही त्या आवाजावर अंगावर येते, आणि त्यात तिची चूक नाही. लहान मुलांना एकटं पाठवू नका.

पावसाची सोय आधीच करा. खोका चिऱ्यांवर उचलून ढिगाजवळ पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवा, त्याला दोन तोंडं हवीत, कारण एकच वाट असलेल्या जागेत ती पिल्लं ठेवायला कचरते. आत जुनं सुती लुगडं. फिनाईलने पुसू नका, ते मांजरांना बाधतं. ताटली रोज थोडी थोडी खोक्याकडे सरकवा, पिल्लं तिची तीच आणेल. कुत्र्यांचं पिसवांचं औषध किंवा घरातली पॅरासिटामॉल मांजरीला कधीच देऊ नका, दोन्हींनी जीव जाऊ शकतो.

नसबंदी

मांजर अंगावर पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते आणि नऊएक आठवड्यांत परत वीण. म्हणून पिल्लं आठ आठवड्यांची होऊन खाऊ लागली की आईची नसबंदी करून घ्या. पिंजरा पशुवैद्यांकडून किंवा प्राण्यांचं काम करणाऱ्या संस्थेकडून मिळतो. त्याचं दार बांधून उघडं ठेवा आणि काही दिवस तिला त्यातच जेवू घाला, मग नेमक्या दिवशी धावपळ होत नाही. पिल्लांची पहिली लस याच सुमारास, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. शस्त्रक्रियेनंतर मांजर काही दिवस तुम्हाला टाळेल. ताटली, वेळ आणि आवाज तेच ठेवा, आणि पुन्हा पायरीवरून सुरुवात करा.