जुनी वस्ती पुन्हा उभी करायची, तीही तिथल्या माणसांसकट

शहराच्या जुन्या भागात अशी एखादी वस्ती असतेच, एकेकाळी तिथे घर असणं म्हणजे मान होता आणि आता अर्ध्या घरांना कुलपं, भिंतीतून झाडं वर आलेली, तळमजल्यावर गोदामं, आणि वरती जे राहतात त्यातले बरेच जण म्हातारे. ते बघून आता काहीतरी करायलाच हवं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, दहा वर्षांनी घरं चकाचक झाली पण आत राहणारे सगळे बदलले तर वस्ती वाचली असं मी म्हणणार नाही, इमारती वाचल्या एवढंच म्हणेन. खालचा सगळा क्रम त्याच हिशोबाने लावलाय. मालकी, भाडं आणि पाणी आधी, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

आधी पडझड का झाली ते शोधा

घर जुनं झालं म्हणून पडतं असं नसतं, वेळच्या वेळी दुरुस्ती होत असेल तर चांगलं बांधलेलं घर शेकडो वर्षं उभं राहतं. त्यामुळे विचारायचं ते हे की दुरुस्ती थांबली कधी आणि कशामुळे. कधी पैसेवाले लोकच निघून जातात. पॅरिसचा मारे भाग सतराव्या शतकात सरदार-उमरावांचा होता, पुढे ते दुसऱ्या भागांकडे सरकले आणि त्यांच्या हवेल्यांमध्ये कारागिरांचे वर्कशॉप आले, अंगणात शेड पडल्या, एकेका दालनाचे तुकडे झाले. कधी भाडं कायद्याने गोठवलेलं असतं, त्यातून घरमालकाला दुरुस्तीचा खर्चही निघत नाही, मग तो हात लावत नाही आणि भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, मी का करू. कधी बँकाच त्या भागाला कर्ज देत नाहीत. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून कुठे कर्ज द्यायला धोका आहे ते भाग लाल रंगाने दाखवले होते, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सर्रास लाल होत्या, आणि तिथली घरं विकत घेणं किंवा दुरुस्त करणं अवघड होऊन बसलं.

आणि एक कारण फार लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे कागदावरचा रस्ता. नगररचनेच्या नकाशात त्या भागातून एखादा रुंद रस्ता नुसता आखलेला असला तरी पुरे, जे घर उद्या पाडायचंय त्यावर पैसे कोण घालणार? न्यूयॉर्कमध्ये लोअर मॅनहॅटनमधून जाणारा एक्सप्रेसवे १९४१ पासून चर्चेत होता आणि अखेर १९६९ मध्ये रद्द झाला, म्हणजे मधली जवळपास तीस वर्षं त्या मार्गावरच्या इमारतींवर पाडापाडीची तलवार लटकत होती. तेव्हा तुमच्या वस्तीचा मंजूर आराखडा काढून बघा, जुना प्रस्तावित रस्ता किंवा आरक्षण अजून त्यात पडून असेल तर ते अधिकृतपणे काढून टाकायला लावणं हे बाकी कुठल्याही सुशोभीकरणापेक्षा मोठं काम आहे आणि त्याला सिमेंटची एक गोणीही लागत नाही.

घरोघरी जाऊन यादी करा

ही यादी म्हणजे नुसते दर्शनी भागाचे फोटो नव्हेत. प्रत्येक घरामागे एवढं तरी लिहून काढा: मालक कोण, किती वारस, ते कुठे असतात, भाडेकरू कोण आणि कधीपासून, करार तोंडी की लेखी, तळमजल्यावर काय चालतं, वरचे मजले रिकामे आहेत का, छप्पर गळतं का, ओल कुठून येते. वारस हा विषय सगळ्यात चिवट. एका घराचे वीस मालक आणि त्यातले पंधरा गावाबाहेर, सहीसाठी कोणी सापडत नाही, अशी घरं हळूहळू आपोआप कोसळतात, म्हणून त्यांची वेगळी यादी करा आणि वकिलाला सुरुवातीपासून सोबत घ्या.

लोकांशी बोलताना घाई नको. तुम्ही बिल्डरची माणसं आहात असा संशय आधी येतो आणि तो रास्तच असतो, म्हणून वस्तीतलंच कोणीतरी बरोबर असू द्या, आणि गोळा केलेल्या माहितीची एक प्रत ज्याची त्याला परत द्या. भाडेकरूंची माहिती मात्र चारचौघात जाता कामा नये, तिचा वापर त्यांनाच बाहेर काढायला होऊ शकतो.

पाणी थांबवा

पैसे थोडे असतील तर सगळे इथे घाला. छप्पर, पन्हळी, गटार, नळाची गळती. जुन्या घराला सगळ्यात जास्त मारतं ते पाणी, लाकडी तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे ओल धरते, ते टोक आतून कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही, मग एक दिवस मजलाच खाली येतो. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणं, फुटलेली कौलं बदलणं, भिंतीतलं रोप कोवळं असतानाच मुळासकट काढणं, या कामांचा कोणी फोटो काढत नाही पण घर यांच्यावरच टिकतं. झाडाचं खोड जाड झालं असेल तर ओढून उपटू नका, मुळांबरोबर भिंत सुटते, आधी कापून मूळ मारा आणि मग भिंत उकलून परत बांधा.

दुसरं म्हणजे चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. अगदी कळकळीने सांगतोय, कारण सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या मनाने केलेल्या या दुरुस्तीतूनच होतं. चुन्यातून ओल बाहेर पडून सुकते, सिमेंट ती आत कोंडतं, मग वीट आणि दगड भुसभुशीत होतात आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. सांध्यातला माल नेहमी विटेपेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज झाली तर सांध्याची होते आणि सांधा परत भरता येतो. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी उरलेत, जे आहेत त्यांच्या हाताखाली वस्तीतली तरुण मुलं कामाला लावा, म्हणजे पुढची दुरुस्ती करायलाही माणूस असेल आणि थोडा रोजगारही वस्तीतच राहील.

पैसा फिरता ठेवा

देणगी एकदा खर्च झाली की संपते. अमेरिकेतल्या सव्हानामध्ये १९५४ मध्ये जुना सिटी मार्केट पाडून तिथे पार्किंगची इमारत बांधली, त्याने हादरून सात बायका एकत्र आल्या आणि १९५५ मध्ये त्यांनी संस्था काढून डेव्हनपोर्ट हाउस पाडण्यापासून वाचवलं. पुढे त्या संस्थेने फिरता निधी उभा केला, धोक्यातलं घर विकत घ्यायचं, जो नीट दुरुस्त करेल त्यालाच लेखी अटीवर विकायचं, आलेल्या पैशातून पुढचं घर घ्यायचं. या पद्धतीने थोड्या भांडवलात बरीच घरं वाचतात आणि ती अट कागदोपत्री घराला कायमची चिकटते. (ती पार्किंगची इमारतही नंतर पाडली आणि २०१० मध्ये तिथे एलिस स्क्वेअर हा चौक परत खुला झाला, म्हणजे एका चुकीची भरपाई करायला शहराला अर्धं शतक लागलं.)

पण एकट्या फिरत्या निधीवर सोडलं तर घरं ऐपतवाल्यांकडेच जातात. सव्हानामध्येच ली अ‍ॅडलर यांनी १९७० च्या दशकात व्हिक्टोरियन डिस्ट्रिक्टमध्ये वेगळा प्रयत्न सुरू केला, जुनी घरं दुरुस्त करून तिथल्याच कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी ठेवायची. तुम्ही निधी उभा कराल तेव्हा त्यातली काही घरं न विकता भाड्यासाठी राखायची हे नियमातच लिहून घ्या, नंतर ते होत नाही.

भाडेकरूंचा करार दुरुस्तीच्या आधी

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इटलीतल्या बोलोन्याने १९७३ मध्ये जुन्या शहरासाठी जी योजना आणली तिच्यात सार्वजनिक घरबांधणीचा पैसा शहराबाहेर नवीन इमारतींवर न घालता जुन्या भागातली घरं दुरुस्त करायला वापरायचं ठरलं, पिएर लुइजी चेर्वेल्लाती हे तेव्हाचे त्यामागचे मुख्य आर्किटेक्ट. आधी घरं सरकारने ताब्यात घ्यायचा विचार होता, त्याला छोट्या मालकांनी विरोध केला, मग करारावर आले: दुरुस्तीला सरकारी मदत घ्या आणि बदल्यात भाडं ठरलेल्या मर्यादेत ठेवा, आधीच्या भाडेकरूला परत जागा द्या.

तुम्हालाही हेच करायचंय, छोट्या प्रमाणात का होईना. मदतीचा पहिला हप्ता देण्याआधी मालक, भाडेकरू आणि निधी देणारी संस्था अशा तिघांचा लेखी करार करा, त्यात दुरुस्तीच्या काळात भाडेकरू कुठे राहणार, परत कधी येणार, भाडं किती आणि किती वर्षं त्याच पातळीवर राहणार, हे सगळं असू दे. एकदम मोकळं सोडलं तर काय होतं ते मलेशियातल्या जॉर्ज टाउनमध्ये दिसलं, १९६६ चा भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या अखेरीस संपला, भाडी वर गेली, आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहणारी, छोटे धंदे करणारी बरीच कुटुंबं बाहेर पडली. २००८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला तेव्हा कित्येक घरं रिकामीच होती. गोठवलेलं भाडं घर मारतं आणि मोकाट भाडं माणसं घालवतं, त्यामुळे वाढ टप्प्याटप्प्याने, आधी ठरवून आणि दुरुस्तीशी बांधूनच व्हायला हवी.

तळमजला जिवंत ठेवा

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं की रस्ता चालता राहायला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी येणारी माणसं लागतात आणि नवीन धंद्यांना जुन्या इमारती लागतात, कारण नव्या बांधकामाचं भाडं सुरुवातीला कोणालाच परवडत नाही. पॅरिसच्या मारे भागाला १९६२ च्या मालरो कायद्याचं, म्हणजे जुन्या वस्त्या जपणाऱ्या फ्रेंच कायद्याचं, संरक्षण मिळालं, हवेल्या सुंदर सावरल्या गेल्या, पण अंगणातली वर्कशॉप नंतरची भर म्हणून हटवली गेली आणि त्यांच्याबरोबर कारागीरही गेले. म्हणून नंतर झालेलं बांधकाम सरसकट पाडू नका, त्यात कोणाचं पोट चालतंय का ते आधी बघा. रोजच्या गरजेची दुकानं, दवाखाना, शाळा, शिंपी, दुरुस्तीवाले यांना तळमजल्यावर जागा राखून ठेवा.

पर्यटकांचं स्वागत करा पण मर्यादा पहिल्या दिवशी घाला, चटक लागल्यावर कोणी ऐकत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहायचे, २०२२ मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. अ‍ॅमस्टरडॅमने २०१९ पासून राहतं घर पर्यटकांना भाड्याने द्यायला वर्षाला ३० रात्रींची मर्यादा घातली, आणि बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांसाठीच्या फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवणार नाही. एवढी वेळ येऊ द्यायची नसेल तर एका गल्लीत जास्तीत जास्त किती घरं पर्यटकांसाठी द्यायची हे आत्ताच ठरवून पालिकेकडून मंजूर करून घ्या.

दरवर्षी मोजा

किती घरं दुरुस्त झाली हा आकडा सगळे सांगतात. त्याच्या शेजारी हे पण लिहा: सुरुवातीच्या यादीतली किती कुटुंबं अजून तिथेच आहेत, जवळच्या शाळेत वस्तीतली किती मुलं जातात, रात्री किती खिडक्यांत दिवा असतो, रोजच्या गरजेची किती दुकानं उरलीत. हे आकडे वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवा आणि भिंतीवर लावा. कुटुंबांचा आकडा सलग दोन वर्षं घसरला तर नवीन हॉटेल-लॉजिंगच्या परवान्यांना विरोध नोंदवा, निधीतून होणारी घरांची विक्री थांबवा आणि राखीव भाड्याच्या घरांचा वाटा वाढवा, मगच पुढच्या गल्लीतलं काम सुरू करा.