बुटावरून फिरणारे मायक्रोस्पाइक्स: माझा उपाय
उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फातल्या ट्रेकला भाड्याने मिळालेले मायक्रोस्पाइक्स (बर्फावर पाय सटकू नये म्हणून बुटावर चढवायचं रबर, त्याला तळव्याखाली साखळी आणि दाते) उतारावर सारखे बाजूला फिरायचे; रबर पार सैल पडलेलं. यंदा नाशिकहून निघण्याआधी स्वतःचेच घेतले, तेही ट्रेकचे बूट घालून बघूनच. रबर दोन्ही हातांनी ताणावं लागलं पाहिजे आणि साखळी तळव्याखाली लोंबता कामा नये. चढवताना आधी चवडा, मग टाच. स्प्रिंगच्या वेटोळ्यांचे स्वस्तातले सपाट रस्त्याला ठीक, पण कडक बर्फाच्या उताराला स्टीलचे दातेच हवेत. ओला बर्फ दात्यांत गोळा होऊन बसतो, तो काठीने ठोकून पाडायचा. उघड्या खडकावर मात्र काढाच: दाते बोथट होतात, पायही सटकतो. (आपल्या हरिहर किल्ल्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर घालायची आयडिया मित्राने काढली होती. अजिबात नको!) वापरून झाले की धुऊन, वाळवून ठेवतो.