बिलं दोन, वाट एकच: नेटवर्क डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आपल्या गोव्यात फर्मागुडीच्या किंवा कुंकळ्ळीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकून आलेल्या मुलांचं सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते गटांत वाटणं, पक्कं असतं. नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय नमुन्याचे सात थर ती झोपेतही सांगतील. पण बैठकीत मालकाने "एवढा खर्च कशाला?" असं विचारलं की गप्प होतात. माझ्या मते डिझाइनचं खरं काम तिथेच सुरू होतं. काय मिळवायला काय सोडलं, हे मालकाला समजेल अशा भाषेत सांगता आलं पाहिजे.

इंटरनेटच्या दुहेरी जोडणीचंच घ्या, म्हणजे एक लाइन गेली तर दुसरी. ९९ टक्के चालणारी लाइन वर्षातून साडेतीन दिवसांहून जास्त बंद असते. तशा दोन घेतल्या की कागदावर ९९.९९ टक्के होतात, म्हणजे वर्षभरात तासभरसुद्धा बंद नाही. पण एकीच्या बिघाडाचा दुसरीशी काही संबंध नसेल तरच हा हिशेब खरा. वेर्ण्याला एका कारखान्यात दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर एकाच खांबांवरून आत आलेल्या मी पाहिल्या आहेत. पावसात माडाची एक झावळी पडली की दोन्ही जाणार. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी पायी फिरा. केबल कुठल्या खांबावरून येते, कुठल्या चेंबरमधून वळते, दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर तर नाहीत ना, हे स्वतः बघा. दुसरी वाट वायरलेसची घेणार असाल तर आपला पाऊस धरून चाला. १० गिगाहर्ट्झच्या वर मुसळधार पावसात सिग्नल चांगलाच पडतो. ५ गिगाहर्ट्झला पावसाचा फारसा त्रास नाही, पण तिथे परवाना लागत नसल्यामुळे गर्दी असते. दोन्हींपैकी कुठला त्रास चालेल, ते त्या जागेवर उभं राहूनच ठरवावं लागतं.

दोन इमारती जोडताना अंतर १०० मीटरच्या आत, म्हणजे तांब्याच्या केबलच्या आवाक्यात, असलं तरी ती टाकू नका. जवळपास वीज पडली की तो झटका केबलमधून दोन्हीकडच्या स्विचपर्यंत पोचतो. फायबर काचेची असते, आणि काचेतून वीज जात नाही. फक्त फायबरला पोलादी कवच असेल तर ते वीज वाहतं, त्यामुळे बिनधातूची फायबर मागा. ऑर्डर देताना हे हमखास राहून जातं.

आता हॉटेलं. डिसेंबरात कळंगुटच्या बाजूला एक तक्रार ठरलेली: वायफाय दिसतं, पण नेट चालत नाही. मालक म्हणतो, वेग वाढवून घेऊ. तुम्ही आधी डीएचसीपी बघा, म्हणजे प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी नेटवर्कचा पत्ता देणारी सोय. /२४ आकाराचं नेटवर्क म्हणजे २५४ पत्ते, त्यांची मुदत चोवीस तास, आणि एकेका पाहुण्याकडे दोन-तीन उपकरणं. सकाळी खोली सोडून गेलेल्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात आणि दुपारी आलेल्यांना मिळत नाहीत. मुदत दोन-तीन तासांवर आणा, बहुतेकदा एवढ्यावर भागतं. नाहीतर /२२ करा, १०२२ पत्ते मिळतील. मात्र तेवढ्या मोठ्या नेटवर्कात ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकदम जाणारा संदेश, वाढतो आणि तो हवेतून मंद गतीने जातो, म्हणून पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची सोय चालू करायला विसरू नका.

जुन्या घराचं हॉटेल केलेलं असेल तर चिऱ्याच्या जाड भिंतींशी गाठ आहे. ५ गिगाहर्ट्झ त्या भिंतीपाशी थकतं. २.४ गिगाहर्ट्झ पलीकडे जातं, पण त्यात एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यामुळे व्हरांड्यात एक दणकट अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावण्यापेक्षा खोल्यांमध्ये कमी ताकदीचे जास्त लावणं मला पटतं. खर्च केबलिंगचा येतो, आणि हेरिटेज घरात भिंत फोडायला मालक सहसा तयार नसतो. अशा वेळी केबल माळ्यावरून काढता येते का ते गवंड्याला विचारा. भिंती त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

ऑक्टोबरात, सीझन लागण्याआधी, मुख्य लाइन मालकासमोर काढून दाखवा. दुसरी किती सेकंदांत धरते ते घड्याळ लावून मोजा, चालू व्हिडिओ कॉल तुटतो का ते बघा, आणि तो आकडा प्रस्तावाच्या प्रतीवर लिहून त्यांची सही घ्या.