अमृततुल्यातले मत बैठकीत यावे म्हणून

पुण्यातल्या अनेक कारखान्यांत आणि कार्यालयांत एकच बैठक दोनदा भरते. पहिलीत साहेब बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. दुसरी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात भरते आणि खरी मते तिथेच बाहेर पडतात. ती मते टेबलावर आणायची असतील, तर सहलीपेक्षा आणि भाषणांपेक्षा रोजच्या वागण्यात बदल करावा लागतो.

सुरुवात वाईट बातमी ऐकण्यापासून करावी. भोसरीतील एका मशीनशॉपमध्ये मी गुणवत्ता विभागात असताना, इन्सर्ट (धातू कापणारे पाते) बदलल्यावर ऑफसेट (पात्याच्या जागेसाठी मशीनला दिलेले माप) चुकल्याने बोअर, म्हणजे भागाचे आतले भोक, ०.०४ मिमी मोठा येत असल्याचे रात्रपाळीच्या ऑपरेटरला दुसऱ्याच तासाला दिसले होते. परंतु आदल्या आठवड्यात मशीन थांबवल्याबद्दल त्याने सर्वांदेखत बोलणी खाल्ली होती, म्हणून तो गप्प राहिला आणि सकाळी पाळीभराचा माल भंगारात गेला. त्या सकाळीही आमचा पहिला प्रश्न ‘हे कोणी केलं?’ हाच होता, म्हणजे पुढच्या मौनाची तजवीज आम्हीच केली. त्याऐवजी ‘पहिल्यांदा केव्हा दिसलं? तेव्हापासूनचा माल कुठे ठेवलाय?’ असे विचारावे, आणि सांगणाऱ्याचे आभार तिथल्या तिथे मानावेत. जबाबदारी निश्चित करणे टळत नाही; ते माल वेगळा काढल्यावर करावे.

चुकांची नोंद वाढली म्हणून लगेच घाबरू नये. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांवर केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चांगल्या गटांमध्ये नोंदलेल्या चुका अधिक आढळल्या. याचे कारण त्या गटांत चुकांविषयी उघडपणे बोलता येत होते, असा अर्थ त्यांनी लावला.

बैठकीत ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. आपल्याकडे ‘सर म्हणाले’ एवढ्यावर चर्चा संपते, त्यामुळे विषय मांडल्यावर प्रत्येकाने पाच मिनिटे आपले मत चिठ्ठीवर लिहावे आणि वाचन सर्वांत नवख्या सहकाऱ्यापासून सुरू करावे. पहिल्या दोन-तीन वेळा चिठ्ठ्यांवर गुळमुळीत वाक्येच येतील. तरीही पद्धत सोडू नये.

मतभेद तापू लागला, की शास्त्रार्थातील पूर्वपक्षाची जुनी रीत उपयोगी पडते. खंडन करण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावे आणि ‘बरोबर सांगितलं का?’ असे विचारावे. उत्पादन विभागाचा माणूस गुणवत्ता विभागाची अडचण स्वतःच्या तोंडाने सांगू लागला, की निम्मे भांडण शब्दांचेच होते हे पुष्कळदा उघड होते. (खोचक बोलणे हा आपल्या शहराचा आवडता अलंकार असला, तरी तो इथे बाजूला ठेवावा.)

निर्णय झाल्यावर इतिवृत्तात विरोधी मत कारणासह लिहावे आणि निर्णय पुन्हा तपासण्याची तारीखही टाकावी. ज्याची सूचना नाकारली, त्याला कारण दोन दिवसांत समक्ष सांगावे. ठरलेल्या तारखेला ते पान खरोखर उघडावे, आणि विरोध करणाऱ्याचेच म्हणणे खरे ठरले असेल, तर ते ज्येष्ठाने सर्वांसमोर स्वतः वाचून दाखवावे.