एसयूमध्ये ट्रेस हेडर एका फाइलवरून दुसरीवर चढवणे

सायस्मिक डेटा (जमिनीत सोडलेल्या लहरींची नोंद) स्वतःच्या पायथन किंवा फोर्ट्रान प्रोग्रॅममधून गाळून काढला की हाती नुसते फ्लोट, म्हणजे 4 बाइटचे दशांश आकडे, उरतात. शॉट (लहर सोडण्याची जागा) कुठे झाला, जिओफोन (लहर टिपणारं यंत्र) कुठे होता, सीडीपी (परावर्तनाच्या मध्यबिंदूचा क्रमांक) कोणता, हे सगळं मूळ फाइलमध्ये दर ट्रेसच्या, म्हणजे एकेका जिओफोनच्या नोंदीच्या, माथ्यावरच्या हेडरमध्येच राहतं. ते परत चढवायला कोलोराडो स्कूल ऑफ माइन्सच्या सायस्मिक युनिक्समध्ये, म्हणजे एसयूमध्ये, एसयूस्ट्रिप आणि एसयूपेस्ट ही जोडी आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.

एसयूस्ट्रिप <शॉट.एसयू हेड=शॉट.एचडीआर >शॉट.बिन

शॉट.बिन तुमच्या प्रोग्रॅमला द्या. त्यातून गाळलेले.बिन बाहेर आलं की:

एसयूपेस्ट <गाळलेले.बिन एनएस=1501 हेड=शॉट.एचडीआर >गाळलेले.एसयू

एसयूस्ट्रिपला हेड= द्यायला विसरलात तर हेडर थेट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, जातात, आणि तसं झालंय हे पेस्ट करायच्या वेळीच कळतं.

पेस्ट करण्याआधी एलएस -एल करून बाइट मोजा. हेडर दर ट्रेसला 240 बाइट, नमुना 4 बाइटचा. 4800 ट्रेस आणि 1501 नमुने असतील तर हेडरची फाइल 11,52,000 बाइटची आणि डेटाची 2,88,19,200 बाइटची हवी. एका बाइटचाही फरक दिसला तर थांबा. एनएस म्हणजे एका ट्रेसमधल्या नमुन्यांची संख्या. तिथे 1501 ऐवजी 1500 लिहिलं तर दर ट्रेस एकेक नमुना मागे पडत जातो: 2 मिलिसेकंद नमुनांतराला शंभराव्या ट्रेसपर्यंत सपाट परावर्तन सुमारे 200 मिलिसेकंद खाली उतरतं. चित्रात तो उतार बघून कुणी भूगर्भातला थर समजू नये!

खरा घोळ मात्र क्रमाचा असतो. एसयूपेस्ट ट्रेसचा नंबर वाचत नाही, पहिला हेडर पहिल्या ट्रेसला, दुसरा दुसऱ्याला, एवढंच. मध्ये एसयूसॉर्ट केलं किंवा एसयूविंडने ट्रेस काढले, तर चुकीचे हेडर बिनबोभाट चिकटतात. एसयूकिल चालतं, कारण ते ट्रेस शून्य करतं, काढत नाही.

नमुन्यांची संख्याच बदलली असेल तर अख्खा हेडर चढवू नका. जुना एनएस सोबत येतो. मग नव्या डेटावर एसयूअ‍ॅडहेडने कोरे हेडर चढवा, एसयूएसएचडब्ल्यूने डीटी (नमुनांतर) भरा आणि पाहिजे तेवढीच क्षेत्रं न्या (इथे शॉटचा एक्स, जिओफोनचा एक्स आणि सीडीपी):

एसयूगेटएचडब्ल्यू <शॉट.एसयू आउटपुट=जिओम की=एसएक्स,जीएक्स,सीडीपी >क्षेत्रं.टेक्स्ट
ए2बी <क्षेत्रं.टेक्स्ट एन1=3 >क्षेत्रं.बिन
एसयूएसएचडब्ल्यू <नवे.एसयू इनफाइल=क्षेत्रं.बिन की=एसएक्स,जीएक्स,सीडीपी >पूर्ण.एसयू

दोन्ही वेळा की= चा क्रम एकच ठेवा. क्रम इथेही ट्रेसचाच चालतो. शिवाय ए2बी मजकुरातले आकडे फ्लोटमध्ये नेतो, आणि 1,67,77,216 च्या पुढचे सगळेच पूर्णांक काही फ्लोटमध्ये नेमके मावत नाहीत, बरेचसे गोल होतात. महाराष्ट्रातला यूटीएमचा (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीचा) उत्तरेचा आकडा 20 लाख मीटरच्या आसपास असतो. तो सेंटिमीटरमध्ये साठवला असेल, म्हणजे स्कॅलको (हेडरमधला निर्देशांकांचा गुणक-भाजक) -100 असेल, तर 16 सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर गोल होतो. पेस्टच्या वाटेने आकड्यांना धक्का लागत नाही.

पेस्टच्या वाटेने केलं असेल तर नव्या फाइलचे हेडर पुन्हा उतरवून मूळ हेडरशी ताडा:

एसयूस्ट्रिप <गाळलेले.एसयू हेड=तपास.एचडीआर >/डेव्ह/नल
सीएमपी शॉट.एचडीआर तपास.एचडीआर

सीएमपीने (दोन फाइली ताडणाऱ्या युनिक्सच्या आज्ञेने) काहीच छापलं नाही तर हेडर बाइटला बाइट जुळलेत. क्रम बिघडला असेल तर तो यात पकडला जात नाही, त्यासाठी एक शॉट एसयूएक्सविगबीवर (ट्रेस पडद्यावर दाखवणाऱ्या आज्ञेवर) उघडून पहिली धडक, म्हणजे सर्वांत आधी पोचलेली लहर, ऑफसेटनुसार, म्हणजे शॉटपासून जिओफोनचं अंतर वाढेल तशी, उशिरा येत जाते का, ते बघावं लागतं.